पायाखालची मुंबई : प्रस्तावना

१८६३ साली गोविंद नारायण माडगावकरांचे ‘मुंबईचे वर्णन’ छापून निघाले. मूळचे गोव्याचे माडगावकर लहानपणी मुंबईत आले आणि इथलेच झाले. त्यांच्या पुस्तकात किल्ला, देवळे, आगगाडी ही ठळक स्थळे आहेतच. पण बाजारात काय विकले जाते, कोण कोणता धंदा करतो, सणावाराला कुठे गर्दी होते, रस्त्यात कोण कोण भेटते, या गोष्टींना त्यांनी दिलेली जागा पाहून आजही अचंबा वाटतो. पुढे सव्वीस वर्षांनी, १८८९ मध्ये, बाळकृष्ण बापू आचार्य आणि मोरो विनायक शिंगणे यांचा ‘मुंबईचा वृत्तांत’ आला. आपल्या शहरात पायी फिरावे, दिसेल ते नीट पाहावे, माहीतगाराला विचारावे आणि घरी येऊन लिहून ठेवावे, ही रीत मराठीत दीडशे वर्षांहून जुनी आहे. ज्यांना या कामात नव्याने यायचे आहे, त्यांच्यासाठी हे पुस्तक आहे.

या कामाला पदवी लागत नाही, हे सुरुवातीलाच सांगतो. १५ सप्टेंबर १८८३ रोजी आठ जणांनी मिळून बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन केली, तेव्हा त्यांच्यात दोन मराठी डॉक्टर होते. एक डॉ. आत्माराम पांडुरंग, प्रार्थना समाजाच्या संस्थापकांपैकी. दुसरे डॉ. सखाराम अर्जुन, औषधी वनस्पतींचे जाणकार आणि रखमाबाईंचे सावत्र वडील. त्याच आठांतला एडवर्ड हॅमिल्टन एटकेन सीमाशुल्क आणि मीठ खात्यात नोकरी करणारा माणूस होता. त्याने १९०० साली ‘द कॉमन बर्ड्स ऑफ बॉम्बे’ लिहिले. दुर्मिळ पक्ष्यांच्या मागे रानोमाळ हिंडणे त्याने नाकारले असे नव्हे. पण खिडकीत येणारा कावळा आणि वळचणीची चिमणी यांच्याकडेही अभ्यासाचा विषय म्हणून पाहता येते, हे त्याने दाखवून दिले. या मंडळींच्या सुरुवातीच्या बैठका भायखळ्याच्या म्युझियममध्ये, म्हणजे आजच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात भरत. दिवसभर रोगी तपासायचे, कचेरीतली कामे उरकायची आणि उरलेल्या वेळात पाहिलेले एकमेकांना सांगायचे, एवढ्यावर उभी राहिलेली ही संस्था आज देशातल्या निसर्ग-अभ्यासाचा मोठा आधार आहे.

मुंबईच्या बाबतीत एक गोष्ट माझ्या मनात पक्की झाली आहे आणि या पुस्तकाची सारी मांडणी तिच्यावर उभी आहे. या शहराचा इतिहास आणि या शहराचा निसर्ग असे दोन विषय वेगळे काढता येत नाहीत. इथली जमीनच माणसाने समुद्राकडून घेतलेली आहे. कुलाबा, धाकटा कुलाबा, मुंबई, माझगाव, परळ, वरळी आणि माहीम ही सात बेटे भराव घालून जोडली गेली, हे शाळेत सगळेच शिकतात. पण त्या भरावाचे परिणाम आजही दर पावसाळ्यात आपल्या घोट्यापर्यंत येतात, हे शाळेत कोणी सांगत नाही. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात विल्यम हॉर्नबी गव्हर्नर असताना महालक्ष्मी आणि वरळी यांच्यामधली समुद्राची खिंड बांध घालून बंद केली गेली. बांध पुनःपुन्हा कोसळत होता; शेवटी पाठारे प्रभू समाजातले रामजी शिवजी यांना देवीने दृष्टान्त दिला, समुद्रातून तीन मूर्ती काढल्या गेल्या आणि मग काम टिकले, अशी आख्यायिका महालक्ष्मीच्या देवळात आजही ऐकू येते. अभ्यासकाने ही कथा खोटी ठरवत बसू नये आणि पुरावा म्हणून पुढेही करू नये. भरतीच्या लाटांपुढे ते काम किती अवघड होते याची आठवण लोकांनी कोणत्या रूपात जपली, हे त्या कथेतून कळते, आणि तेवढे पुष्कळ आहे. बांधाच्या आतल्या बाजूला भरतीचे पाणी यायचे थांबले, खाजण उघडे पडले, हळूहळू भरले गेले आणि त्यावर वस्ती झाली. जमीन मात्र सखलच राहिली. मोठा पाऊस आणि मोठी भरती एका वेळी आली की शहरातले असे सखल भाग बुडतात. जुना नकाशा हातात धरून पावसात कुठे पाणी तुंबते ते पाहिले, तर बेटांच्या कडा आपल्याला स्वतःला आखता येतात.

पाण्याचा धागा धरला की या शहरात कुठून कुठेही पोहोचता येते. म्हणून त्याविषयी थोडे सविस्तर लिहितो.

विहार तलाव १८६० मध्ये पुरा झाला आणि मुंबईला नळाचे पाणी मिळू लागले. नंतर १८७९ मध्ये तुळशी आणि १८९२ मध्ये तानसा आला. नळाआधीची मुंबई विहिरी आणि तळी यांच्यावर जगत होती. धोबीतलाव, गोवालिया टँक, सी. पी. टँक, खारा तलाव, दो टाकी ही नावे आज बसच्या पाटीवर वाचायला मिळतात. तळे मात्र यांपैकी कुठेही नाही. तळी आणि विहिरी का गेल्या, याचे उत्तर मोठे बोधप्रद आहे. जागेचा लोभ हे एक कारण होतेच. दुसरे कारण डासाचे होते. नळ आल्यावर विहिरी वापरातून सुटू लागल्या, उपसा थांबला, पाणी साचून राहिले. १९११ मध्ये डॉ. चार्ल्स बेंटली यांचा मुंबईतल्या हिवतापावरचा अहवाल आला. हिवताप पसरवणारा ॲनॉफिलीस स्टीफेन्साय हा डास दलदलीपेक्षा घरोघरच्या विहिरींत वाढतो, असे त्यांनी दाखवून दिले. त्यानंतर विहिरी झाकण्याची आणि बुजवण्याची मोहीम सुरू झाली. विहिरीचे पाणी ज्यांना धर्मकृत्यांसाठी लागे, त्यांनी विरोध केला. काही विहिरी त्या विरोधामुळे वाचल्या. चर्चगेटजवळची भिखा बेहराम विहीर १७२५ ची. समुद्र इतका जवळ असूनही तिचे पाणी गोडे आहे आणि पारशी भाविक आजही तिथे येऊन प्रार्थना करतात.

आता ही साखळी आपल्या गच्चीपर्यंत आणून पाहा. तोच डास आज इमारतींवरच्या टाक्यांत अंडी घालतो. पालिकेचा कर्मचारी पावसाळ्याच्या तोंडावर येऊन टाकीचे झाकण घट्ट बसते की नाही ते तपासतो, तेव्हा शंभर वर्षांपूर्वीच्या विहिरींच्या गोष्टीचाच पुढचा भाग आपल्या जिन्यातून वर चढत असतो. एक कीटक, एक अहवाल, नळाचे पाणी, पारशांची श्रद्धा, बुजलेले तळे आणि आपली टाकी यांना एकत्र बांधणारा हा विषय इतिहासाच्या प्राध्यापकाचा म्हणावा, डॉक्टरचा म्हणावा की कीटकशास्त्रज्ञाचा? माझ्या मते तो त्या गल्लीत राहणाऱ्या जिज्ञासू माणसाचा आहे, कारण आपल्या वाडीतली विहीर नेमकी कोणत्या फरशीखाली आहे, हे फक्त त्यालाच शोधता येईल. कर्नल लॉटन यांनी १८६५ ते १८७२ या काळात केलेल्या मोजणीचे नकाशे इतके बारीक आहेत की त्यांत घरे, वाड्या आणि विहिरी स्वतंत्र दिसतात. अशा नकाशाचे आपल्या वस्तीपुरते एक पान मिळवावे आणि ते घेऊन गल्लीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश चालत जावे. वाडीतल्या सर्वांत वयस्कर बाईला विचारावे. ती बहुधा नकाशाकडे न पाहताच जागा दाखवील आणि तिथे रहाट होता की नुसती कप्पी, हेही सांगेल.

पाण्याबद्दल आणखी एक. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्याच काळात कुलाब्याच्या वेधशाळेत नोंद झाली ती सुमारे ७३ मिलिमीटरची. वीस-पंचवीस किलोमीटरच्या अंतरात एवढा फरक! विहार आणि पवई तलावांचे जास्तीचे पाणी घेऊन माहीमच्या खाडीला मिळणारी मिठी नदी त्या दिवशी शहराला नव्याने आठवली. ‘मुंबईत पाऊस किती पडला’ या प्रश्नाला एक उत्तर नसते, हे त्या दिवसाने शिकवले. आपल्या गच्चीवर एक साधे पर्जन्यमापक ठेवून रोज सकाळी ठरलेल्या वेळी आकडा टिपणारा शाळकरी मुलगा या शास्त्रात खरी भर घालत असतो.

पाण्याकडून दगडाकडे वळू. मुंबईचा पाया बहुतेक सगळा ज्वालामुखीच्या लाव्ह्याचा आहे. अंधेरीत गिल्बर्ट हिल नावाचा काळ्या दगडाचा सरळसोट उंचवटा इमारतींच्या गर्दीत उभा आहे. लाव्हा थंड होताना पडलेले त्याचे बहुकोनी खांब रस्त्यावरून दिसतात आणि माथ्यावर गावदेवीचे देऊळ आहे. हा दगड सहा कोटींहून अधिक वर्षांचा आहे. लाव्ह्याचा एक थर वाहून गेल्यावर दुसरा येईपर्यंत मध्ये मोठा काळ जाई, तेवढ्यात उथळ तळी तयार होत, त्यांत जीव नांदत. वरळीच्या टेकडीत अशाच तळ्याच्या गाळात चिमुकल्या बेडकांचे सांगाडे सापडले. रिचर्ड ओवेन यांनी १८४७ मध्ये त्यांचे वर्णन केले. डायनोसॉर हे नाव ज्यांनी दिले तेच हे ओवेन. इंडोबॅट्रॅकस हे त्या बेडकाचे आजचे शास्त्रीय नाव. वरळी म्हटले की समुद्र-सेतू आणि उंच इमारती डोळ्यांपुढे येतात. त्याच टेकडीने हे बेडूक कोट्यवधी वर्षे सांभाळले, ही माहिती वरळीच्या प्रत्येक शाळेत भिंतीवर लिहिलेली असावी, असे मला मनापासून वाटते.

प्रिन्सेस डॉकची खोदाई १८७० च्या दशकात चालू होती, तेव्हा भरतीच्या पातळीच्या बऱ्याच खाली, निळसर चिखलात, झाडांचे बुंधे लागले. एकदोन नव्हेत, साडेतीनशेहून अधिक; त्यांतले कितीतरी मुळांसकट उभे. लाकूड खैराचे होते. आज जिथे बोटी लागतात तिथे एके काळी कोरडी जमीन आणि खैराचे रान होते, आणि पुढे जमीन खचून म्हणा वा समुद्र चढून म्हणा, ते रान जागच्या जागी बुडाले. भराव घालून आपण समुद्राला मागे ढकलले, ही गोष्ट आपण अभिमानाने सांगतो. समुद्रानेही इथे जमीन घेतलेली आहे, हे गोदी खोदणाऱ्या मजुरांनी डोळ्यांनी पाहिले.

दगड पाहायला डोंगरातच जावे लागते असे नाही. फोर्टातल्या इमारती हे उत्तम दगड-संग्रहालय आहे. कुर्ल्याचा दगड, मालाडचा पिवळट दगड, काळा बेसाल्ट आणि काठेवाडातून जहाजाने आलेला पोरबंदरचा दगड असे चार प्रकार ओळखता आले की एखाद्या दुपारी बरेच काही वाचता येते. ओव्हल मैदानासमोरच्या जुन्या सचिवालयात पोरबंदरचा दगड भरपूर वापरला आहे. असा दगड दुरून मलईच्या रंगाचा आणि गुळगुळीत वाटतो. साधे दहापट मोठे दाखवणारे भिंग लावून जवळून पाहिला की तो बारीक बारीक गोल दाण्यांचा दिसतो. हे दाणे म्हणजे समुद्रातल्या सूक्ष्म जीवांची कवचे आणि शिंपल्यांचा चुरा; वाऱ्याने आणि लाटांनी साठवलेला, पुढे चुन्याने सांधला गेलेला. भिंगातून ते पहिल्यांदा पाहिले त्या दिवसापासून मला त्या इमारतींसमोरून घाईने जाता आलेले नाही.

त्याच परिसरात सेंट थॉमस कॅथीड्रल आहे. १७१८ मध्ये हे चर्च उघडले आणि पुढे शहरातली अंतरे त्याच्यापासून मोजली गेली. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात रस्त्याकडेला मैलाचे दगड बसवले, त्यांवर रोमन आकड्यांत अंतर कोरले. डांबराचे थर चढत गेले तसा रस्ता उंच झाला आणि हे दगड जमिनीत गेले. काहींचे फक्त डोके पदपथावर उरले. त्यावर कोणी पाट्या टेकवल्या, कोणी बसून चहा प्याले. अलीकडे त्यांतले काही खणून, साफ करून पुन्हा नीट उभे केले आहेत. अशी वस्तू ओळखायला लागतो तो सराव, आणि सराव चालण्याने होतो. रस्त्यावरची जुनी झाकणे, बिडाचे खांब, पाणपोया, हेही सगळे याच यादीतले. भातबाजारातली केशवजी नाईक पाणपोई १८७६ ची. तिच्या बांधणीत धनिकाची दानत, बैल-घोड्यांची तहान आणि नळाचे नवे पाणी, तिन्ही एकत्र दिसतात.

शहराच्या वेळेचाही इतिहास आहे. देशाची प्रमाणवेळ १९०६ पासून लागू झाली, तरी मुंबईने आपली स्वतंत्र वेळ, प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटे मागे असलेली, पुढेही कित्येक वर्षे सोडली नाही. आणि १८२६ साली स्थापन झालेल्या कुलाब्याच्या वेधशाळेतले पृथ्वीच्या चुंबकत्वाचे मोजमाप १९०४ मध्ये अलिबागला हलवावे लागले, ते शहरात विजेच्या ट्रामगाड्या येऊ घातल्या म्हणून. विजेच्या प्रवाहाने चुंबकसूची बिघडली असती. १९०७ मध्ये ट्राम आली, १९६४ मध्ये ती गेलीही, पण अलिबागची चुंबकीय वेधशाळा अजून चालू आहे.

मुंबईवरच्या लेखनात मला एक उणीव सतत जाणवते. गॉथिक इमारती आणि किल्ल्याचा परिसर यांच्यावर इतके लिहिले जाते की मुंबई जणू इंग्रजांनीच वसवली असे वाटावे, आणि माहीमच्या पलीकडे इतिहासच नाही असे. खरे तर माहीमच्या पलीकडच्या साष्टी बेटाच्या मानाने इंग्रजी किल्ला कालचा आहे. कान्हेरीला शंभरावर लेणी आहेत आणि तिथली वस्ती हजार वर्षे टिकली. ती टिकली पाण्यामुळे. डोंगराच्या उतारावर खोदलेल्या पन्हळींतून पावसाचे पाणी प्रत्येक विहाराजवळच्या टाक्यात उतरते. शिलालेखांत या टाक्यांना पोढी म्हटले आहे आणि पोढीसाठी दान देणाऱ्या कल्याण-सोपाऱ्याच्या व्यापाऱ्यांची नावे तिथे कोरली आहेत. अकराव्या शतकाच्या सुरुवातीला, १००९ आणि १०२१ मध्ये, काही पारशी मंडळी ही लेणी पाहायला आली आणि पहलवी लिपीत आपली नावे लिहून गेली. ज्या डोंगरावर भिक्षूंनी पाणी अडवले, त्याच डोंगररांगेत पुढे विहार आणि तुळशी बांधले गेले.

जोगेश्वरीचे सहाव्या शतकातले लेणे चारी बाजूंनी घरांनी वेढले आहे. परळला १९३१ मध्ये रस्त्याचे काम चालू असताना सात आकृतींचे भव्य शिवशिल्प निघाले. ते आज बारादेवीच्या देवळात पूजेत आहे. शिलाहारांच्या काळातले गधेगाळ नावाचे कोरीव दगड साष्टीत अनेक ठिकाणी मिळाले. वर चंद्रसूर्य, मध्ये लेख, खाली दान मोडणाऱ्याला दिलेला शाप चित्ररूपात. कुठे तो दगड शेंदूर लावून देव म्हणून पुजला जातो, कुठे गटाराच्या कडेला आडवा पडलेला असतो. मुंबई विद्यापीठाच्या बहिःशाल विभागातल्या पुरातत्त्वाच्या मंडळींनी गेल्या दशकात साष्टीतल्या गावठाणांत आणि पाड्यांत फिरून अशा खुणांची पद्धतशीर नोंद घेतली. त्या कामात विद्यार्थी होते, नोकरदार होते, निवृत्त माणसे होती. गावठाणात शिरताना मात्र एक ध्यानात ठेवावे : आपण कुणाच्या तरी अंगणात उभे असतो. पूजेतल्या दगडाला हात लावू नये, अक्षरे उठून दिसावीत म्हणून त्यावर पीठ किंवा खडू चोळू नये, आणि तो ‘सुरक्षित जागी’ हलवण्याचा विचार तर कधीच करू नये. दगड जागेवरून हलला की निम्मा इतिहास गेला.

साष्टीत जंगलही आहे. सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान शहराच्या पोटात आहे आणि त्यात बिबटे आहेत. आरे आणि उद्यानाच्या परिसरातल्या पाड्यांवर वारली लोक वाघोबाला पुजतात. शेजारी राहणाऱ्या हिंस्र प्राण्याशी कसे वागावे याची समज त्या पूजेत मुरलेली आहे. २०१० मध्ये झीशान मिर्झा आणि राजेश सानप यांनी विंचवाच्या एका नव्या जातीचे वर्णन केले आणि तिला आरेचे नाव दिले : लायकास आरेएन्सिस. कोटीच्या वस्तीच्या शहरात, दुधाच्या तबेल्यांशेजारी, शास्त्राला ठाऊक नसलेला विंचू होता. असे आणखी किती जीव आपल्या आसपास असतील, याची उत्सुकता ज्यांना वाटते त्यांच्यासाठीच पुढची पाने आहेत.

समुद्राकडे पाठ करून मुंबई समजत नाही. गिरगाव, हाजीअली, वरळी, जुहू इथल्या खडकांवर ओहोटीला जे उघडे पडते ते पाहायला २०१७ पासून ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ या नावाने काही नागरिक इतरांना घेऊन जातात. प्रवाळ, स्पंज, समुद्रगोगलगायी, रिकाम्या शंखात संसार थाटणारे खेकडे, हे सगळे चौपाटीवरच्या भेळेच्या गाडीपासून हाकेच्या अंतरावर आहे. वेळ साधायची कशी? कोकणकिनाऱ्यावरचा हिशेब सोपा आहे. तिथीची पाऊणपट करावी, जो आकडा येईल तितक्या वाजता पूर्ण भरती. अष्टमीला सहा वाजता भरती, म्हणजे बाराच्या सुमारास ओहोटी. पण अष्टमीच्या आसपास भांग असते, पाणी फारसे मागे जात नाही. खडक पाहायचे तर पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाचे दिवस धरावेत. द्वितीयेला दीड वाजता भरती येते, तेव्हा सकाळी पावणेआठच्या सुमारास पाणी सगळ्यांत खाली असते. अर्धा तास मिळतो, कधी थोडा जास्त. पाणी वळले की मुकाट्याने परत फिरावे. खडकावरची कालवे काढणाऱ्या कोळणी उठल्या की आपणही उठावे. डोलीचे जाळे कुठे लावायचे, बोंबील कधी मिळतो, वारा कोणता चांगला, याचे ज्ञान कोळीवाड्यांत पिढ्यान्‌पिढ्या तोंडी चालत आले आहे. त्याची नोंद अजून पुरेशी झालेली नाही.

तोंडी ज्ञानाचा विषय निघालाच आहे, तर सर्वांत तातडीचे काम सांगतो. १८५४ मध्ये कावसजी नानाभाई दावर यांनी पहिल्या कापडगिरणीची कंपनी काढली. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर गिरणगाव ओसरत गेले. कोकणातून आणि घाटावरून आलेल्या माणसांनी एका खोलीत पाळीपाळीने झोपून, खाणावळीत जेवून, गावी मनिऑर्डर पाठवून हे शहर चालवले. चाळींमध्ये एकेका गावाची मिळून घेतलेली खोली असे. धोबीतलावच्या आसपास गोव्याच्या गावागावांचे कूड, म्हणजे अशीच सामायिक बिऱ्हाडे, असत; बोटीवर जाणारा माणूस पेटी तिथे ठेवी आणि वेदीसमोर प्रार्थना करून निघे. काही कूड अजून आहेत. नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी गिरणी कामगारांच्या मुलाखती घेऊन जे काम केले, ते या क्षेत्रातले आदर्श मानावे. वरळी, नायगाव आणि ना. म. जोशी मार्ग इथल्या १९२० च्या दशकातल्या बीडीडी चाळी एकेक करून पाडल्या जात आहेत, त्या जागी उंच इमारती उभ्या राहत आहेत. रहिवाशांना चांगले घर मिळावे, हे योग्यच आहे. सार्वजनिक मोरीसमोर रांगेत उभे राहण्याच्या दिवसांबद्दल बाहेरच्यांनी हळवे होऊ नये. पण त्या व्हरांड्यांत कोण राहिले, भजनी मंडळ कुणाच्या खोलीत जमे, संपाच्या काळात कोणी कोणाचे घर चालवले, हे ज्यांना माहीत आहे ती माणसे ऐंशीच्या पुढे आहेत. विहिरीचे, दगडाचे काम पुढच्या वर्षीही करता येईल. हे आत्ताच करायला हवे. मुलाखत घेताना माणसाची परवानगी घ्यावी, त्याच्याच शब्दांत लिहावे आणि लिहिलेले त्याला वाचून दाखवावे.

नोंद कशी करावी याविषयी थोडक्यात. तारीख, वेळ, नेमकी जागा, काय पाहिले, कोणी सांगितले, एवढे असले की नोंद पुढच्या माणसाच्या उपयोगी पडते. ‘जुनी विहीर, बहुधा पोर्तुगीजकालीन’ असे लिहिण्यापेक्षा ‘गोल विहीर, काळा घडीव दगड, तोंड जाळीने बंद, पाणी आहे’ असे लिहावे. काळ ठरवणारे नंतर येतील. ऐकलेले आणि पाहिलेले वेगळे ठेवावे. जुने कागद वाचायची सवय असेल तर एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतले पुराभिलेखागार, एशियाटिक सोसायटीचे ग्रंथालय आणि १८९८ मध्ये स्थापन झालेले मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय यांची दारे ठोठावावीत. सुरुवात मोठी करू नये. एक गल्ली, एक झाड, एक खडक घ्यावा आणि वर्षभर तोच पाहावा. रस्त्याकडेच्या एकाच तामणाला पालवी कधी आली, कळी कधी धरली, फूल कधी उमलले, शेंडा कोणी छाटला, असे बारा महिने लिहिले की आपले डोळे बदलतात.

पुढच्या प्रकरणांचा क्रम पाण्यापासून सुरू होतो : विहिरी आणि तळी, मग खडक आणि इमारतींचे दगड, मग किनारा, साष्टीची गावठाणे, जंगल, आणि शेवटी चाळी व माणसे. ती ओळीने वाचावीत असा आग्रह नाही. पुस्तक पावसाळ्यात हाती पडले तर किनाऱ्याचे प्रकरण ऑक्टोबरपर्यंत बाजूला ठेवावे, कारण पावसाळी उधाणात खडकांवर जाणे धोक्याचे आहे. कान्हेरीचे मात्र जुलैतच वाचावे आणि जुलैतच जाऊन पाहावे. पन्हळींतून पाणी उतरून पोढ्या भरताना दिसतात त्या तेव्हाच.